फामागुस्ता : एका रणगाड्याच्या नावाचा शोध

गेल्या डिसेंबरात नेरूळ येथे आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. स्नेही सेवानिवृत्त शिक्षक. उभा जन्म मराठी शिकविण्यात गेलेला. त्यांचा नातू विजयदिनानिमित्त शाळेत वाचावयाचा निबंध घेऊन त्यांच्यापुढे बसला होता, आणि आजोबांची तांबडी शाई त्या कागदावर मोकळेपणी फिरत होती. निबंधाचा विषय होता १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीकाठी झालेली रणगाड्यांची लढाई आणि तीत वयाच्या एकविसाव्या वर्षी धारातीर्थी पडलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. मुलाने 'फामागुस्ता' या रणगाड्यातून ते लढले असे लिहिले होते. आजोबांनी तो शब्द खोडून वर 'सेंच्युरियन' असे लिहिले.

"अरे, आपल्याकडचे ते रणगाडे सेंच्युरियन होते, हे मला पक्के ठाऊक आहे. फामागुस्ता कुठून काढलेस?" आजोबांनी विचारले.

"आजोबा, मी ज्या ज्या सैनिकांच्या हकिकती वाचल्या, त्यांत तसेच आहे," मुलगा म्हणाला, आणि आमच्याकडे वळून त्याने विचारले, "काका, तुम्हीच सांगा ना, फामागुस्ता म्हणजे काय?"

काकांना ते सांगता आले नाही, हे कबूल करणे प्राप्त आहे. शब्द आमच्या कानावरून गेलेला होता. पण ज्या शब्दांवरून वाचक समजल्याचा आव आणून पुढे सरकतो, त्यांपैकीच तो एक. घरी परतल्यावर तो मनातून जाईना. मुलाच्या कागदावरची ती तांबडी रेघ योग्य की अयोग्य, एवढाच काय तो प्रश्न. परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता, सैनिकाची हकिकत कशी वाचावी याविषयीच आम्हांस काही नवे शिकावे लागले. ते येथे मांडीत आहो.

पहिला तर्क कोणाच्याही मनात येईल तोच आला. हे एखाद्या जातीच्या रणगाड्याचे नाव असावे. रणगाड्यांच्या जातींची नावे मोठी चमत्कारिक असतात, आणि युद्धकथा मराठीत आणणारांची ती नेहमी तारांबळ उडवितात. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी अमेरिकेकडून घेतलेल्या रणगाड्यांना त्या देशाच्या यादवी युद्धातील सेनापतींची नावे दिली: ली, ग्रँट, शर्मन, स्टुअर्ट. त्यांतील स्टुअर्टवर गोऱ्या शिपायांचे प्रेम इतके की, ते त्यास लाडाने 'हनी' म्हणत. शब्दकोश हाती घेऊन बसलेल्या भाषांतरकाराने त्या जागी 'मध' लिहिला, तर दोष कोणाला द्यावा? पाकिस्तानच्या पॅटनचे नाव जनरल पॅटन यांच्यावरून पडले. चाफीचेही एका अमेरिकी सेनापतीवरूनच, तिचा आपल्या चाफ्याशी काही एक संबंध नाही. रशियन पीटी-७६ मधील पहिली दोन अक्षरे 'तरंगता रणगाडा' एवढेच सांगतात. सेंच्युरियन म्हणजे रोमन फौजेतील शंभर शिपायांवरचा नायक. या सबंध यादीत फामागुस्ता कोठेच बसत नाही. कोणत्याही देशाने त्या नावाच्या जातीचा रणगाडा बांधलेला नाही. तेव्हा, खेत्रपालांचा रणगाडा सेंच्युरियन होता हे आमच्या स्नेह्यांचे म्हणणे अक्षरशः खरे. पण त्यावरून फामागुस्ता खोटा ठरतो काय? जातीचे नाव निराळे आणि व्यक्तीचे निराळे. एखाद्याच्या चरित्रात 'मोत्या' हा शब्द खोडून 'कुत्रा' असे लिहिले, तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चूक होणार नाही. चरित्राच्या दृष्टीने मात्र अनर्थ होईल.

दुसरा तर्क ग्रामनामाचा. लढाई शकरगढच्या मुलखातली. बसंतर, जरपाल ही नावे हकिकतीत पदोपदी येतात. त्यांच्याच रांगेत एखादे पंजाबी खेडे असेल काय? पण शब्दाच्या अंगलोटातच पंजाबी काही नाही. तिसरा तर्क आमच्या स्नेह्यांचाच, मुद्रणदोषाचा. हिंदीत 'गुस्ताख' आहे, मराठी कानालाही तो परका नाही. तेव्हा अशाच कुठल्या शब्दाची मोडतोड होऊन हे नाव सिद्ध झाले असावे, असे क्षणभर आम्हांसही वाटून गेले.

येथे मात्र जुन्या पोथ्यांच्या संशोधकांनी घालून दिलेला एक नियम आठवला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा सुकथनकरांसारख्या पंडितांना शेकडो पोथ्यांतील पाठभेद तोलावे लागले. अशा प्रसंगी, दोन पाठांपैकी जो अवघड, तो बहुधा मूळचा, असे मानण्याचा संप्रदाय आहे. कारण उघड आहे. लेखनिक अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालतो. परिचित शब्द पुसून त्या जागी अनोळखी शब्द घालण्याचे त्यास काही कारण नसते. 'फामागुस्ता'ची जागा 'सेंच्युरियन'ने घ्यावी हे सहज घडण्यासारखे आहे, आणि नेरूळच्या त्या दिवाणखान्यात ते आमच्या डोळ्यांदेखत घडलेही. परंतु सेंच्युरियन लिहावयास बसलेल्या माणसाच्या लेखणीतून चुकून फामागुस्ता उतरेल, हे संभवत नाही. पोथीच्या न्यायाने पाहता मुलाचा पाठ खरा आणि आजोबांचा प्रक्षिप्त ठरला!

मग नकाशा उघडला. फामागुस्ता हे सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदर आहे. ग्रीक लोक त्यास अमोखोस्तोस म्हणतात; त्याचा अर्थ 'वाळूत लपलेले' असा करतात. व्हेनिसच्या राज्याने त्याभोवती प्रचंड तट उभारले. तुर्कांनी वेढा घालून १५७१ च्या ऑगस्टात ते जिंकले. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चा बराच भाग सायप्रसच्या एका बंदरात घडतो. नाटककाराने बंदराचे नाव दिलेले नाही, परंतु परंपरेने ते फामागुस्ताच मानले असून तेथील किल्ल्याच्या एका भागास आजही ऑथेल्लोचा बुरूज म्हणतात. म्हणजे महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली 'ऑथेल्लो' मराठीत आणले आणि देवलांनी १८९० साली त्याचे 'झुंझारराव' केले, तेव्हाच हे बंदर आपले नाव न सांगता मराठी रंगभूमीच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले होते. आम्ही त्यास परके समजत होतो, ते उगाचच.

कोडे एवढ्याने सुटले असे मात्र नव्हे. उलट आता ते खरे कोडे झाले. भूमध्य समुद्रातील बंदराचे नाव शकरगढच्या मातीत लढणाऱ्या भारतीय रणगाड्यावर कसे आले?

एक उत्तर चटकन सुचते, आणि ते मोहक आहे. सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती. जनरल थिमय्या तिचे सेनापती होते, आणि १८ डिसेंबर १९६५ रोजी त्या बेटावरच त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या स्मरणार्थ कोणी हे नाव घातले असेल काय? कल्पना हृद्य असली तरी टिकणारी नाही. थिमय्या पायदळाचे, त्या शांतिसेनेत भारताने सेनापती दिला, पलटणी दिल्या नाहीत. शिवाय स्मारक करावयाचे तर सेनापतीचे नाव सोडून बंदराचे कोण घालील? तर्क सुंदर असला म्हणजे खरा असतोच असे नाही, हे संशोधकाने आपल्या मेजावर लिहून ठेवावे अशा वाक्यांपैकी एक आहे.

खरी किल्ली दुसऱ्याच एका रणगाड्यात सापडते. खेत्रपाल पूना हॉर्स या रेजिमेंटचे. याच रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १९६५ च्या युद्धात फिलोराच्या रणधुमाळीत जखमी झाले, मागे जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. (तारापोरांचे शिक्षण पुण्याचे, खेत्रपालांचा जन्म पुण्याचा, रेजिमेंटच्या नावातील पूना या दोघांनी असे सार्थ केले. एरवी त्या रेजिमेंटचे जवान परंपरेने राजपूत, जाट आणि कायमखानी. घोडे तर केव्हाच गेले. नावात पुणेही आहे आणि घोडाही, हा तिचा इतिहास.) तारापोरांच्या रणगाड्याचे नाव होते 'खुशाब'.

येथे वाचकाची फसगत ठरलेली. पाकिस्तानी पंजाबात झेलमच्या काठी खुशाब नावाचे प्रसिद्ध गाव आहे. १९६५ ची लढाई, पंजाबची भूमी, रणगाड्याचे नाव खुशाब. तेव्हा शत्रूचे गाव घेण्याची ही प्रतिज्ञाच असावी, असे कोणालाही वाटेल, आणि असा खुलासा एखाद्या उत्साही लेखकाने केला तर ऐकणारा मानही डोलावील. पण हे खुशाब ते नव्हे. हे खुशाब इराणात, बुशहर बंदराजवळ. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी जेम्स औट्रम यांच्या हाताखालील फौजेने तेथे इराणी सैन्याचा पराभव केला. मुंबई इलाख्याच्या तिसऱ्या हलक्या रिसाल्याने त्या दिवशी इराणी पायदळाचा उभा चौक घोड्यांनिशी फोडला आणि त्यातील दोन अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो रिसाला आणि १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या तहातून उभी राहिलेली पूना हॉर्स यांचे वंशज १९२१ साली एक करण्यात आले. त्यांचीच आजची पूना हॉर्स. तेव्हा खुशाब हे भविष्यातील लक्ष्य नव्हे, भूतकाळातील मान आहे. 'खुश-आब' म्हणजे गोड पाणी. इंग्रजी 'टँक' हा शब्द पोर्तुगीजांचा की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील गुजराथी-मराठी 'टांक्या'चा, असा भाषापंडितांत वाद आहे. पहिल्या महायुद्धात हे नवे यंत्र गुप्त ठेवण्यासाठी कारखान्यात ते पाण्याचे टाके म्हणून सांगण्यात आले, म्हणून त्यास हे नाव पडले. सह्याद्रीच्या गडांवर कातळात खोदलेली टाकी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना 'गोड पाणी' नावाचे हे टाके पाहून थोडी गंमत वाटल्यावाचून राहणार नाही. असो.

एवढे कळल्यावर फामागुस्ताकडे परत वळले की वाट सरळ दिसू लागते. ज्या रेजिमेंटने आपल्या प्रमुखाच्या रणगाड्यास एकशे आठ वर्षांपूर्वीच्या इराणी रणभूमीचे नाव दिले, ती दुसऱ्या रणगाड्याचे नावही आपल्याच पूर्वचरित्रातून घेणार, हे अनुमान सहज निघते. दुसऱ्या महायुद्धात ही रेजिमेंट मध्यपूर्वेत होती. जर्मनांची उडी सायप्रसवर पडेल या भयाने १९४२-४३ साली दहावी हिंदी डिव्हिजन त्या बेटावर ठेवली होती. फामागुस्ता हे नाव त्या काळच्या आठवणीतून आले असे आम्ही मानतो. खुशाबला विजयाचे तेज आहे. फामागुस्ताला, आमच्या तर्काप्रमाणे, केवळ मुक्कामाची आठवण. परदेशी बंदरात घालविलेले दिवस, वाट पाहत केलेला पहारा, कदाचित बरे मिळालेले अन्न, अशा गोष्टींनाही सैनिकांच्या स्मृतीत जागा असते. सेनेच्या इतिहासकाराला ती जागा ठेवावीशी वाटत नाही. पण रंगाचा डबा हाती घेऊन पोलादावर अक्षरे काढणाराला वाटते.

यंत्राला नाव देण्याची ही रीत रणगाड्याच्या जन्माइतकी जुनी आहे. १९१७ च्या नोव्हेंबरात कांब्रेच्या लढाईत एका इंग्रजी रणगाड्याचे नाव 'डेबोरा' होते. तो 'डी' बटालियनचा, म्हणून नावाचे आद्याक्षर तेच. लढाईत मोडलेला तो रणगाडा फ्लेस्कियेर गावाच्या जमिनीखाली गाडला गेला होता, तो १९९८ साली उकरून काढण्यात आला. तो सापडल्यावर लोकांनी त्यास क्रमांकाने नव्हे, तर त्या स्त्रीनामानेच हाक मारली. आद्याक्षराची ही युक्ती आमच्या कोड्याला फारशी कामी येत नाही. अक्षर निवडीला कुंपण घालते, पण कुंपणाच्या आत सायप्रसच का, हे सांगत नाही. आणि एवढ्या दूर जाण्याचे कारण तरी काय? आपल्याकडे तोफांना नावे होतीच. जंजिऱ्याची कलालबांगडी आजही बुरुजावर पडून आहे. विजापूरची मुलूखमैदान मूळची अहमदनगरची. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्काने ती तेथे ओतली. ती किती शेर दारू खात असे हे आज कोणास सांगता येत नाही, पण भरसभेत घणाघाती बोलणाऱ्या वक्त्यास आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो. लोखंड थंड होते, नाव तापलेले राहते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आमचा आक्षेप एका आजोबांच्या तांबड्या शाईवर नाही. ती तर प्रेमाची शाई. आक्षेप आहे तो मराठीत युद्धकथा लिहिण्याच्या एका सवयीवर. या कथांत शौर्याची विशेषणे उदंड असतात आणि वस्तूंची नावे दुर्मिळ. 'शत्रूच्या रणगाड्यांचा त्याने धुव्वा उडविला', 'त्याचा रणगाडा पेटला', अशी वाक्ये कोणत्याही वीराविषयी, कोणत्याही लढाईविषयी लिहिता येतात; आणि जे कोणाविषयीही लिहिता येते, ते वस्तुतः कोणाविषयीच लिहिलेले नसते. नाव अवघड दिसले की लेखक त्यास वळसा घालतो, कारण वाचक अडखळेल अशी त्याला भीती. वाचकाला अडखळू द्यावे, असे आमचे मत आहे. तो मुलगा फामागुस्तापाशी अडखळला नसता, तर आमच्या डोक्यात सायप्रसही आले नसते आणि खुशाबही.

हीच गोष्ट सरकारी लेखांशी ताडून पाहावी. परमवीरचक्राची दोन्ही मानपत्रे काळजीपूर्वक लिहिलेली आहेत. त्यांत दिनांक आहे, स्थळ आहे, शौर्याचा क्रम आहे. परंतु खेत्रपालांच्या मानपत्रात फामागुस्ता नाही आणि तारापोरांच्या मानपत्रात खुशाब नाही. मानपत्राला ती नावे नकोच असतात. त्याचे काम कृत्याचा निवाडा करणे, त्याला 'रणगाडा' एवढे पुरते. ही नावे जगली ती रेजिमेंटच्या माणसांच्या तोंडी आणि लेखी हकिकतींत. १९७१ साली पूना हॉर्सचे नेतृत्व करणारे हनूतसिंह यांनी पुढे आपल्या रेजिमेंटचा इतिहास लिहिला, त्यास नाव दिले 'फख्र-ए-हिंद'. ही पदवी प्रतिपक्षाने दिलेली, म्हणून ती अधिक मोलाची. नावाची किंमत जाणणाऱ्या लोकांचे हे लेखन आहे, हे मुखपृष्ठावरच कळते.

आणि नाव गाळले तर काय गळते, हे खेत्रपालांच्या शेवटच्या प्रसंगावरून पाहावे. भूसुरुंगांतून वाट काढीत आलेल्या मोजक्या रणगाड्यांवर शत्रूच्या पॅटनांचा मारा चालला होता. सोबतच्या दोन रणगाड्यांपैकी एक निकामी झाला, दुसऱ्याची तोफ बंद पडली. खेत्रपालांच्या रणगाड्याने पेट घेतला. तो सोडून बाहेर पडण्याची आज्ञा बिनतारी यंत्रावरून आली. तोफ अद्याप चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. एकवीस वर्षांच्या तरुणाचे हे उत्तर 'एक रणगाडा' न सोडण्याविषयीचे आहे काय? फौजेच्या दफ्तरात रणगाडा हा एक क्रमांक असतो. तो गेला तर त्या जागी दुसरा येतो, आणि आज्ञा देणारा अधिकारी या हिशेबाने योग्यच बोलत होता. परंतु त्या पोलादी पेटीत चार माणसे होती, त्यांनी तिच्यातच जेवणे केली, तिच्याच सावलीत झोपा काढल्या. त्यांच्यापुरती ती फामागुस्ता होती आणि दुसरी फामागुस्ता नव्हती. आज्ञा क्रमांकाला उद्देशून होती आणि उत्तर नावाच्या वतीने आले, असे आम्हांस वाटते. 'सेंच्युरियन' लिहिल्याने वाक्य अचूक राहते, पण उत्तराचे कारण त्यातून निघून जाते.

यावर कोणी म्हणेल की, नावाला एवढे महत्त्व देणे ही समीक्षकाची हौस आहे. सैनिकाने त्या क्षणी सायप्रसचा विचार केला नसेल. नसेलच. आपल्या घराच्या पाटीवरचे नाव कोणी ठेवले, हे तरी आपण रोज कोठे आठवितो? नवी मुंबईतील रहिवाशांना हे अधिक पटावे. सिडकोने ही नगरी वसविली ती क्रमांकांवर: सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. पत्र त्या क्रमांकावर बिनचूक येते. तरीही प्रत्येक इमारतीच्या दारावर कोकणातल्या एखाद्या देवस्थानाचे, नाही तर कोणाच्या तरी आईचे नाव झळकत असतेच, आणि मुले 'घर कुठे' असे विचारले असता सेक्टर न सांगता तेच सांगतात.

फामागुस्ता आता अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवलेली आहे. ज्या गावी मुलूखमैदान ओतली गेली त्याच गावी. शब्दलेखनाविषयी एक सूचना. मराठीत हे नाव फॅमागुस्टा, फेमागुस्टा, फामागुस्ता असे निरनिराळे लिहिता येईल. इंग्रजी उच्चाराच्या मागे न लागता शेवटचा 'त' दंत्य ठेवावा, असे आम्ही सुचवितो. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर तो तसाच उच्चारतात आणि मराठी जिभेसही तो सोपा जातो.

जानेवारीत पुन्हा नेरूळला गेलो, तेव्हा हे सारे स्नेह्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. नंतर निबंधाचा कागद मागवून घेतला, चष्मा पुसला, आणि 'सेंच्युरियन' हा शब्द न खोडता त्याच्यापुढे आपल्या वळणदार अक्षरात 'जातीचा फामागुस्ता' असे लिहिले. "दोन्ही राहू देत," ते म्हणाले. नातवाने आठवण करून दिली की, विजयदिन होऊन महिना लोटला, निबंध वाचूनही झाला. "मग तेथे काय वाचलेस?" आजोबांनी विचारले.

"फामागुस्ताच वाचले," मुलगा म्हणाला. "तुमची शाई आजोबा, मला नीट लागली नाही."